अथेन्सचे चौघे

अथेन्स म्हटले की ग्रीसमधील प्राचीन नगरी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातही याच नावाचे एक विद्यापीठाचे गाव आहे. तेथील एका जुन्या एपिस्कोपल चर्चमधील उपासना बंद पडली होती आणि त्या इमारतीत काही तरुण मंडळी भाड्याने राहत असत. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसानिमित्त तेथे चार तरुणांनी लोकांपुढे प्रथमच गाणे-वाजविणे केले. मायकेल स्टाइप गायक, पीटर बक गिटारवादक, माइक मिल्सकडे बेस आणि बिल बेरीकडे ड्रम. बक हा रेकॉर्डच्या दुकानातील विक्रेता व स्टाइप त्याचे गिऱ्हाईक. मिल्स व बेरी हे मेकन गावातील शाळासोबती. पुढे शब्दकोश सहज चाळून त्यांनी ‘आर. ई. एम.’ हे नाव उचलले.

श्रोतेहो, या मंडळींच्या संगीताला पुढे ‘ऑल्टर्नेटिव्ह रॉक’ असे नाव पडले. मोठ्या कंपन्यांच्या ठरीव चाकोरीला तो एक पर्याय होता. स्टाइपचे शब्द प्रारंभी धड कळतही नसत. बक गिटारवर झणत्कार करण्याऐवजी एकेक तार छेडीत जाई. व्यापारी नभोवाणीला असल्या गाण्यांत रस नव्हता. ती वाजविली महाविद्यालयांच्या लहान लहान रेडिओ केंद्रांनी, आणि चौघांनी गावोगाव फिरून आपला श्रोता मिळविला. त्यांच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेला, ‘मर्मर’ला (१९८३), ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी त्या वर्षातील सर्वश्रेष्ठ ठरविले, आणि त्याच वर्षी मायकेल जॅक्सनची ‘थ्रिलर’ जगभर गाजत होती, हे ध्यानी घ्यावयास हवे.

मात्र या बँडचे खरे वेगळेपण त्याच्या घरच्या कारभारात होते. चाल कोणाची, शब्द कोणाचे, याचा हिशेब न ठेवता प्रत्येक गीत चौघांच्या नावे नोंदले जाई व उत्पन्नही सारखे वाटले जाई. एकाचाही विरोध असल्यास ती गोष्ट करावयाची नाही, असा दंडक होता. पैसा आणि नाव यांवरून किती बँड फुटले, हे जाणणाऱ्यास या व्यवस्थेतील शहाणपण सांगावयास नको.

१९८८ मध्ये ते वॉर्नर या बड्या कंपनीत गेले, तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. १९९१ च्या ‘लूझिंग माय रिलिजन’ने त्यांना जगभर पोहोचविले. या नावावरून धर्मत्यागाचा अर्थ काढणारे फसतात. दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या बोलीत त्याचा अर्थ संयम सुटणे असा आहे. त्यात मुख्य वाद्य आहे मँडोलिन! त्याचे चित्रण केले ते पंजाबात जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी. पुढच्याच वर्षी ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ आली. मृत्यू व वियोग यांवरील ही शांत गाणी त्यांचे सर्वोत्तम काम मानावयास हरकत नाही. तिचे नाव अथेन्समधील एका खाणावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतले आहे.

१ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, भर कार्यक्रमात, बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनीने घात केला. शस्त्रक्रियेने तो वाचला व पुन्हा वाजवूही लागला. पण दौऱ्यांतून त्याचे मन उडाले. १९९६ मध्ये वॉर्नरशी प्रचंड रकमेचा नवा करार झाला, आणि १९९७ मध्ये बेरीने निवृत्ती घेतली. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असे त्याने सोबत्यांना सांगितले होते. तिघांनी चालू ठेवण्याचे कबूल केले, तेव्हाच तो गेला, आणि शेती करू लागला.

तिघांची वाटचाल कष्टाची झाली. ‘अप’ (१९९८) मध्ये ड्रमच्या जागी ठिकठिकाणी यंत्राचा ठेका आला, आणि गीतांखाली तीनच नावे उरली. पुढील ध्वनिमुद्रिकांत चांगली गाणी आहेत, तथापि पूर्वीची एकजीवता क्वचितच सापडते. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी, भांडण न करता, बँड विसर्जित केल्याचे जाहीर केले. पैशासाठी पुन्हा एकत्र येण्याची अमेरिकी रीत त्यांनी पाळली नाही.

निर्व्हानाच्या कर्ट कोबेनपासून अनेकांनी त्यांचे ऋण मानले. अथेन्समधील ते चर्च १९९० मध्ये पाडले गेले, मनोरा तेवढा राहिला. १३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्क येथे गीतकारांच्या सन्मान-समारंभात अनेक वर्षांनी चौघे एकत्र उभे राहिले व त्यांनी ‘लूझिंग माय रिलिजन’ सादर केले. बेरीही त्यांत होता.