तेरा मतांचे स्मारक

थोर पुरुष दिवंगत झाल्यावर त्याचा गौरव दोन प्रकारांनी करता येतो. त्याच्या तसबिरीला हार घालता येतो, आणि त्याने अर्धवट टाकून गेलेले काम पुढे चालविता येते. पहिला प्रकार एका संध्याकाळचा आहे. दुसऱ्याला पिढ्या लागतात. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार आपण कितपत पाळला, याचा हिशेब येथे मांडावा असे आम्ही योजिले आहे. हिशेब हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या आणि शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिणाऱ्या या पुरुषाला आकड्यांविना केलेली स्तुती रुचली नसती.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ते पाठवीत राहिले. एका भावाने शाळा सोडावी तेव्हा दुसऱ्याने शिकावे, अशी त्या घरची स्थिती होती. पुढे कायदेमंडळात शिक्षणाचा प्रश्न मांडताना गोखले एवढ्या तळमळीने का बोलत, याचे मूळ काही अंशी तरी येथे असावे, असे आम्हांस वाटते.

पुण्यास आल्यावर त्यांना न्यायमूर्ती रानड्यांसारखा गुरू लाभला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू करणारे रानडे ते हेच. त्यांच्या हाताखाली गोखल्यांनी एक गोष्ट पक्की केली : सरकारवर टीका करावयाची तर सरकारचेच अहवाल उलटसुलट वाचून करावयाची. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले, ते या शिस्तीचे फळ होय. सरकार तिजोरीतील शिलकेचा अभिमान मिरवीत होते. रयत दुष्काळाने पिचलेली असता तिजोरी फुगते ती देशाच्या भरभराटीने नव्हे, तर कर गरजेहून अधिक ठेवल्याने, हे गोखल्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखविले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण गरिबाच्या मिठाचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला होता, हे निर्विवाद आहे.

परंतु ज्या कार्यात त्यांना अपयश आले, तेच आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय. १९१० साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच विधेयक आणले. त्या वर्षीच्या शिरगणतीप्रमाणे हिंदुस्थानात लिहितावाचता येणारे लोक शेकडा सुमारे सहा होते.

विधेयकातील मागणी किती माफक होती ते पाहण्याजोगे आहे. सक्ती साऱ्या देशावर एकदम लादावयाची नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा लोकलबोर्डाला ती हवी असेल तिने सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत सुरू करावी. तीही ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती; मुलींना ती पुढे यथावकाश लागू करता यावी. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलाला फी माफ.

ही कल्पना आपणच प्रथम काढली, असा गोखल्यांचा दावा नव्हता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली सक्ती साऱ्या बडोदे संस्थानात लागू केली होती. एका संस्थानिकाला जे साधते ते बलाढ्य ब्रिटिश सरकारला का साधू नये, हा गोखल्यांचा सवाल होता.

त्याला सरळ उत्तर मिळाले नाही. पैसा नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, लोकांचीच मागणी नाही, अशी कारणे पुढे आली. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली गेली : बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. विरोधकांत सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी सभासदही होते, हे विसरून चालणार नाही. परक्या सत्तेला जनता शिकलेली नको होती, एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. आपल्यातील वरच्या वर्गालाही ती फारशी नको होती.

पराभव होणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्यात रडगाणे नव्हते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वार्ता कळताच लोकमान्य टिळक सिंहगडाहून पुण्यास आले. ज्यांच्याशी जन्मभर मतभेद झाले त्यांच्या चितेपाशी उभे राहून लोकमान्यांनी त्यांना हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले, आणि जमलेल्यांना त्यांचा कित्ता गिरविण्यास सांगितले.

हा कित्ता कसा गिरविला गेला? १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी त्याआधीच ते पाऊल टाकले होते. १९५० साली राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी राज्यसंस्थेला दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत टळून गेली. २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. तेरा मतांचे बहुमत होण्यास अठ्ठ्याण्णव वर्षे लागली. त्यांतील पस्तीस परसत्तेची. उरलेली त्रेसष्ट आपली स्वतःची.

आज साक्षरता शेकडा सत्तरांहून वर गेली आहे. ही प्राप्ती लहान नव्हे. तरीही हंगाम लागला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि गाडीत भांड्याकुंड्यांबरोबर शाळेच्या पटावरची मुलेही बसलेली असतात. आईबाप फडात गेले की मोठ्या बहिणीने धाकट्याला सांभाळावयाचे. गोविंदरावांनी भावासाठी जे सोडले, ते अशी एखादी मुलगी आजही सोडते आहे. फरक इतकाच की, तिच्या सोडण्याने धाकटा शिकेलच याची शाश्वती नाही.

गोखल्यांचे स्मरण करावयाचे तर आपल्या गावच्या शाळेचा पट पाहावा, त्यातील किती मुले वर्षभर वर्गात बसतात ते मोजावे, आणि जी बसत नाहीत त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे. या कामाला कोणत्याही कायदेमंडळाच्या मताची गरज नाही. ते जेथे नेटाने होईल तेथे त्या तेरा मतांत आणखी एकाची भर पडली, असे आम्ही समजू.