जीपगाडीचे सांधे

रायपूर शहरात चौबे कॉलोनी नावाची एक वस्ती आहे. महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथेच असल्यामुळे छत्तीसगडातील मराठी माणसाला हे नाव घरचेच वाटते. मराठी माणूस या प्रदेशात नवा नाही. बिंबाजी भोसले सन १७५८ पासून रतनपूरहून येथील कारभार पाहत होते, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. या वस्तीतल्या एका परसात पेरूच्या झाडाखाली पुष्कळ वर्षे एक जुनी जीपगाडी उभी असे. ती माझ्या काकांची. सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली, तेव्हाच तिच्या अंगावर इतके सांधे होते की मूळचे पोलाद किती आणि मागाहून भरलेले किती, याचा हिशेब लागत नव्हता.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते या सांध्यांविषयी. जीपगाडीचा इतिहास युद्धाचा इतिहास म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. आपल्या देशापुरता मात्र तो मुख्यतः दुरुस्तीचा इतिहास आहे, आणि तो सांगण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही.

आरंभ मात्र युद्धापासूनच करावा लागतो. सन १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना विचारणा केली. चारही चाकांना गती मिळेल अशी हलकी टेहळणीची गाडी हवी होती, आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. एवढ्या मुदतीला होकार दिला तो पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम कंपनीने. ही कंपनी तेव्हा जवळजवळ बुडीत निघालेली होती. होकार देण्यावाचून तिला गत्यंतरही नव्हते. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोनतीन दिवसांत आराखडे काढले. साचे घडवायला वेळ कुठला? हॅरोल्ड क्रिस्ट आणि त्याच्या हाताखालच्या कारागिरांनी पत्रा हातानेच ठोकून वाकवून गाडीचे अंग उभे केले, दुसऱ्याच एका मोटारीचे आस बदलून बसवले, इंजीन तिसरीकडून आणले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत सरायला अर्धा तास उरला असताना, मेरिलंडमधील कॅम्प होलाबर्ड येथे गाडी हजर केली. म्हणजे जगातली पहिली जीप आपल्या शेजारच्या मिस्त्रीच्या टपरीत घडावी तशीच घडली होती! पुढे मोठी कामे टोलेडोच्या विलीज कंपनीला आणि फोर्डला मिळाली. बिचाऱ्या बँटमच्या वाट्याला अडीच-पावणेतीन हजार गाड्या आणि मागे जोडायच्या ट्रॉल्या आल्या. युद्ध संपेतो विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सुमारे ६,४०,००० गाड्या बाहेर काढल्या होत्या.

या घाईत एक लहानशी गोष्ट घडली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी आहे. विलीजच्या पहिल्या सुमारे २५,००० गाड्यांच्या तोंडावरची जाळी लोखंडी पट्ट्या एकीस एक वेल्डिंगने जोडून केलेली होती. फोर्डच्या लोकांनी तिच्याऐवजी एकाच पत्र्यात दाबयंत्राने नऊ फटी पाडल्या. ही जाळी हलकी झाली, स्वस्त झाली, आणि सांधणाऱ्याचे काम संपले. विलीजनेही १९४२ पासून तीच स्वीकारली. जीपचा आज सर्वांना ओळखू येणारा चेहरा हा असा सांधा टाळण्यातून जन्मला आहे. शांततेच्या काळातील जीपला मोठे दिवे आले तेव्हा नवाच्या सात फटी झाल्या, एवढेच.

युद्धानंतर सैन्याच्या उरलेल्या गाड्या आपल्याकडे विकल्या गेल्या. मग १९४८ साली लंडनमधील आपल्या उच्चायुक्तांनी, म्हणजे कृष्ण मेनन यांनी, नूतनीकरण केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा सौदा केला. २,००० गाड्यांच्या त्या सौद्यातल्या १५५ मद्रासच्या बंदरात उतरल्या आणि सैन्याच्या कामाच्या नाहीत असे ठरले. संसदेत वादळ झाले, चौकशी झाली, आणि १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. त्या प्रकरणाच्या राजकारणात मला शिरायचे नाही. जुन्या लोखंडावर नवा रंग चढला म्हणजे खाली काय आहे हे कळत नाही, ही गोष्ट मात्र आपल्या प्रजासत्ताकाने आपल्या बाल्यातच शिकून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

१९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्र आणि महिंद्र कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून जीपगाड्या जुळवायला आरंभ केला. पहिली खेप ७५ गाड्यांची होती. पुढे एकेक भाग येथेच होऊ लागला. काकांची गाडी त्यातल्या उंच बॉनेटच्या जातीची, सीजे-३बी या नावाची. नवे इंजीन उंच निघाले म्हणून वरचे झाकण उंच करावे लागले, हे तिच्या त्या हनुवटी वर केल्यासारख्या रूपाचे कारण. विलीजच्या कारखान्यात ही जात १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतर कित्येक दशके चालला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीप हे गटविकास अधिकाऱ्याचे वाहन झाले. बस्तरच्या रानातल्या पुष्कळ माणसांनी सरकार पाहिले ते प्रथम तिच्याच रूपाने. वीस वर्षे रानवाटा तुडवल्यावर ती लिलावात निघे, आणि तिथून तिचे दुसरे आयुष्य सुरू होई. ते मिस्त्रीच्या हाती.

हा मिस्त्री कुठून आला? लोहार तर गावोगाव होताच. पण २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत सरकारशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या उभारणीत रायपूर-दुर्गकडचे कितीतरी तरुण हाती कांडी धरायला शिकले. परिभाषाकारांनी या विद्येला ‘वितळजोड’ असा चांगला शब्द दिला आहे, पण टपरीत तो कोणी उच्चारीत नाही. तिथे वेल्डिंगच. आमचा मिस्त्री लोहाराचा मुलगा होता. भाता आणि ऐरण त्याने बापाकडून घेतली होती आणि कांडी भिलाईहून. या दोन विद्यांचे त्याच्या ठायी नेहमी पटत असे, असे मात्र नाही.

पहिला अपघात पाट्याचा. जीपच्या कमानीतला मुख्य पाटा तुटला होता. नवा मागवायला वेळ लागणार, म्हणून दुसऱ्याच एका ठिकाणी तो वेल्ड करून घेतला. सांधा पाहण्यासारखा सुंदर झाला होता. जगदलपूरला जाताना केशकालच्या घाटात, उताराच्या वळणावर, तो मोडला. आस एका अंगाला सरला आणि गाडी आपोआप दरीच्या बाजूला ओढू लागली. काकांनी ती डोंगराच्या कडेला घासून थांबवली म्हणून आज मी हे सांगू शकतो. नंतर पाहिले तो सांधा जसाच्या तसा होता. पाटा मोडला होता सांध्यापासून दोन बोटे अलीकडे. कमानीचे पोलाद जास्त कार्बनाचे असते. तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो जातो, आणि सांध्याच्या लगतचा भाग झपाट्याने थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो. लोहाराच्या पोराने हे ऐकले आणि कपाळावर हात मारला. “पाटा कभी जुडता है, साहब? पाटा तो बनता है.” त्याने नवा पाटा भट्टीत लाल करून बाकाला आणला, तेलात बुडवला, मग पुन्हा मंद आचेवर धरला. तो शेवटपर्यंत टिकला.

बिडाची गोष्ट याहून निराळी. गीअरपेटीला लागून जी ट्रान्सफर केस असते ती ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची. तिला तडा गेला. बीड एका जागी तापले की तिथेच फुगते, भोवतालचे गार बीड त्याला जागा देत नाही, आणि थंड होताना शेजारी नवा तडा जातो. आमच्या मिस्त्रीने पहिल्या खेपेला हीच चूक केली. टिंग असा बारीक आवाज झाला आणि एका तड्याचे दोन झाले. दुसऱ्या खेपेस त्याने सबंध पेटी कोळशावर तापवली, सांध्यात पितळ भरले, आणि ती चुलीतल्या राखेत पुरून ठेवली. काकांनी घाई केली तेव्हा तो म्हणाला, “बीड है, रात भर सोने दो.”

पेट्रोलच्या टाकीविषयी विस्ताराने बोलवत नाही. या गाड्यांची टाकी पुढच्या आसनाखाली असते आणि तिचा तळ चिखलाने गंजतो. रिकामी टाकी निर्धोक, हा समज मोठा घातकी आहे. भरलेल्या टाकीपेक्षा तिच्यातच वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटायला टपलेले असते. मी पाहिलेल्या एका टाकीचा तळ छपराचा पत्रा फाडून गेला. हाताखालचा पोरगा तेवढ्यात पाणी आणायला गेला होता. टाकी सोड्याच्या ऊन पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन, सांध्याच्या जागेपर्यंत पाण्याने भरून मगच काम करावे, हे सर्वांना माऊक असते. पाणी आणण्याचा कंटाळा तेवढा आडवा येतो.

खरा प्रश्न चॅसीचा होता. जीपचा सांगाडा रिव्हेटांनी जोडलेला असतो. एका आडव्या दांडीपाशी उभ्या तुळईला तडा गेला होता. आधीच्या कुणी मूळचे रिव्हेट तोडून तिथे जाड पट्टी चहूबाजूंनी वेल्ड केली होती. तडा त्या पट्टीच्या कडेपासून पुन्हा सुरू झाला होता. येथे मला एका दूरच्या घटनेची आठवण होते. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे होते. चाचण्या पार पडल्या होत्या, पाणी शांत होते, हवा थंड होती. प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध चिरले. युद्धाच्या घाईत जहाजे रिव्हेटांऐवजी वेल्डिंगने बांधली जात होती, म्हणून सर्व दोष वेल्डिंगच्या माथी आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी पुढे दाखवून दिले की मूळ दोष पोलादातच होता. थंडीत ते ठिसूळ होत असे. तरी दुसरे कारणही खोटे नव्हते. रिव्हेटांच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबतो. वेल्ड केलेल्या जहाजात सर्व पत्रे मिळून एकच पत्रा होतो, आणि तड्याला थांबायला जागाच राहत नाही. म्हणून तशा कित्येक जहाजांवर मागाहून रिव्हेटांच्या पट्ट्या मुद्दाम बसवण्यात आल्या.

मिस्त्रीला हे जहाज ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याने तड्याचे टोक भिंगाने शोधले, त्या टोकावर गिरमिटाने एक बारीक भोक पाडले, आणि मगच तडा भरायला घेतला. भोक कशाला, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की तडा पुढे पळू नये म्हणून. टोकदार चिरेपेक्षा गोल भोकावर ताण कमी साठतो, हे शास्त्र त्याने आपल्या रीतीने जाणले होते. त्याने पावसाळ्यात चॅसीचे काम घेतले नाही. दमट कांड्यांनी सांध्याच्या पोटात हवा राहते, असे तो म्हणे. ती हवा म्हणजे ओलाव्यातून आलेला हायड्रोजन, आणि त्यानेही सांधा आतून तडकतो.

पत्रा मात्र तो आनंदाने करी. गाडीचा तळ संपूर्ण सडला होता. कागदाचा नमुना कापून त्याने नव्या पत्र्याला लाकडी ठोकळ्यावर पन्हळी पाडल्या. एका दमात सलग सांधा न घेता इथे एक टिपका, तिथे एक टिपका असे करीत, मध्ये ओले फडके ठेवीत, पत्रा न वाकू देता जोडला. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जुना भाग मिळतो, हरियाणात मंडी डबवालीला तर उघड्या जीपगाड्या घडवण्याचा धंदाच आहे. पण रायपुरात बसून त्या मागवण्यापेक्षा करणे सोपे, असा त्याचा हिशेब.

या साऱ्याची किंमत त्याने डोळ्यांनी दिली. काळी काच हाती धरावी तर दुसरा हात कामाला अपुरा पडतो. म्हणून तो मान फिरवून पहिली ठिणगी पाडी आणि मग उघड्या डोळ्याने सांधा पाही. त्या प्रकाशातले अदृश्य किरण बुबुळ भाजतात, आणि कळ येते ती काही तासांनी, रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी. मीही लहानपणी परसात उभा राहून तो निळा उजेड पाहिला होता आणि रात्रभर रडलो होतो. आईने डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. त्याच्या घरी ते रोजचेच होते. गाड्यांवर कारखान्याचे नाव असते, फोर्डने तर बोल्टांवरसुद्धा आपले अक्षर उठवले. सांध्यावर कुणाचेच नाव नसते.

शेवटी चॅसीची ती जाड पट्टी काढून टाकायचे ठरले. मूळच्या भोकांत पुन्हा रिव्हेट ठोकायचे. परसात कोळशाची भट्टी पेटली. तांबडालाल रिव्हेट सांडशीने उचलून भोकात घातला जाई, खालून काका जड घण टेकवून धरीत आणि वरून मिस्त्री हातोड्याने त्याचे डोके गोल करी. निवला की तो आकसतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. संध्याकाळी सगळे निवल्यावर मिस्त्रीने लहान हातोडीने एकेकावर टिचकी मारून कान लावला. चार खणखणीत वाजले. पाचवा बद्द बोलला. अंधार पडत आला होता आणि काका म्हणाले की एवढ्याने काही होत नाही. मिस्त्रीने उत्तर दिले नाही. छिन्नीने त्याने तो रिव्हेट तोडला आणि भट्टीत दुसरा घातला.