निळा दिवा आणि निःशस्त्र शिपाई

गाभाऱ्यात रात्रभर तेवणारा नंदादीप पाहिला की कोणीतरी जागे आहे, असा धीर भाविकास येतो. लंडनच्या पोलीस ठाण्यांच्या दारांवर १८६१ पासून लागलेल्या निळ्या दिव्यांचा अर्थही काहीसा असाच होता: अडल्यानडल्याने येथे यावे. या दिव्याचेच नाव धारण करणारा ‘द ब्लू लॅम्प’ हा इंग्रजी बोलपट १९५० च्या जानेवारीत प्रकाशित झाला. कथा गुन्ह्याच्या तपासाची खरी. परंतु कायद्याचे बळ कशात असते, हा प्रश्न तिच्या मुळाशी असल्याने आम्हांस तिचे महत्त्व वाटते.

महायुद्ध संपून तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. लंडनमध्ये बाँबहल्ल्यांची खिंडारे तशीच होती, आणि पिस्तूल बाळगणाऱ्या तरुणांची लोकांस धास्ती वाटत होती. १९४८ साली नॅथनिएल एडगर हा लंडनचा पोलीस शिपाई कर्तव्य बजावीत असताना गोळीस बळी पडला होता. अशा काळात ईलिंग स्टुडिओने बेझिल डिअर्डन यांच्या दिग्दर्शनाखाली हा बोलपट काढला. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क यांनी युद्धकाळात राखीव पोलिसाचे काम स्वतः केलेले होते.

जॉर्ज डिक्सन हा निवृत्तीच्या उंबरठ्यावरील शिपाई. युद्धात मुलगा गमावलेल्या या दांपत्याने मिचेल या नवशिक्या शिपायास घरी ठेवून घेतलेले असते. एका चित्रपटगृहात दरोडा पडतो. नि:शस्त्र डिक्सन पिस्तूल रोखलेल्या रायलीला सामोरा जातो, आणि गोळी लागून पुढे रुग्णालयात प्राण सोडतो. जॅक वॉर्नर यांचा शांत डिक्सन आणि डर्क बोगार्ड यांचा भेदरट, उतावळा रायली यांतील विरोध विसरता येत नाही.

शेवटी व्हाइट सिटीच्या कुत्र्यांच्या शर्यतीत रायलीला घेरतात, तेव्हा पैजा घेणारेही हातांच्या खुणांनी पोलिसांस साहाय्य करतात. पोलिसाचा खून त्या बेरकी जगालाही मान्य नसतो. शस्त्रावाचून फिरणाऱ्या शिपायाचे खरे शस्त्र हेच.

येथे आम्हांस एक विसंगती जाणवते. लंडनमध्ये निळे दिवे लागले त्याच १८६१ साली हिंदुस्थान सरकारने पोलीस कायदा केला. त्यापुढे आदर्श लंडनच्या शिपायाचा नव्हता, तर आयर्लंडमधील सशस्त्र दलाचा होता. सत्तावनच्या उठावानंतर राज्यकर्त्यांस प्रजेच्या विश्वासापेक्षा प्रजेच्या बंदोबस्ताची अधिक चिंता होती. ज्याने घरी निःशस्त्र शिपाई ठेवला, त्यानेच परमुलखात लाठी चालविली.

लंडनचे चित्रही निर्दोष नव्हे. बोलपटास तेथील पोलीस दलाचे सहकार्य होते; म्हणून डिक्सन हा त्या दलाने स्वतःविषयी बाळगलेला आदर्श मानावा. १९७७ साली त्याच दलातील वरिष्ठ अधिकारी लाचलुचपतीबद्दल तुरुंगात गेले.

तथापि आदर्श खोटा ठरत नाही. बोलपटात मेलेला डिक्सन १९५५ साली दूरचित्रवाणीवर पुन्हा जिवंत करण्यात आला, आणि जॅक वॉर्नर यांनी १९७६ पर्यंत तो साकारला. लोकांना तो हवा होता. आपल्या गल्लीतला शिपाई आपल्याला नावाने ओळखतो, संकटात त्याच्याकडे निर्भयपणे जाता येते, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा जेथे पुरी होत नाही, तेथे दिवा कोणत्याही रंगाचा असला तरी दारापुढचा अंधार सरत नाही, असे आम्हांस वाटते.