पूर्वजांच्या कबरी समुद्रापल्याड

आमच्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. वर बाबा फरीद यांचा दर्गा. हिंदू-मुसलमान सगळेच जातात, मीही लहानपणापासून जातोय. तेव्हा मला कोडं पडायचं: पीराचा उरूस म्हणजे त्याच्या मृत्यूचा दिवस, मग त्या दिवशी जत्रा कशी? पुढे कळलं, ‘उर्स’ या अरबी शब्दाचा अर्थच लग्न. संत गेला म्हणजे देवाला भेटला, असा भाव.

हे लक्षात ठेवा आणि माझ्यासोबत सिद्दी, म्हणजे हबशी समाजाकडे चला. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. कुणी खलाशी, कुणी सैनिक, पण बरेचसे गुलाम म्हणून विकले गेलेले. ज्याला लहानपणीच घरातून उचलून नेलं, त्याने आजोबा-पणजोबांच्या कबरीवर फुलं कुठे वाहायची? आणि तो मेल्यावर त्याच्यासाठी रडणार कोण?

मलिक अंबरचंच बघा. जन्म इथिओपियात, १५४८ च्या सुमारास; मूळ नाव चापू. हातोहात विकला जात तो अहमदनगरला पोचला. मालक चंगेजखान, निजामशाहीचा पेशवा, स्वतःही हबशी. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढे अख्खी निजामशाही चालवली. १६२६ मध्ये तो गेला. कबर खुलताबादला, सूफी संतांच्या दर्ग्यांजवळ. माहेरची माती लांब राहिली, म्हणून संतांचा शेजार धरला, असं मला वाटतं.

साध्या सिद्दींनी तर पूर्वजच नव्याने जोडले. गुजरातेत, भडोच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर या पीराचा दर्गा आहे. तोही आफ्रिकेतून आला, असं ते मानतात आणि त्याला आपला पूर्वज म्हणतात. त्याच्या उरुसात ढोल वाजतात, ‘गोमा’ नाचतात. स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल. बोली विसरली, हा शब्द मात्र राहिला.

तिकडे कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. पण गेलेल्या वाडवडिलांची, ‘हिरियारूं’ची पूजा तिन्ही धर्मांच्या सिद्दींमध्ये आहे. कानडीत त्याचा अर्थ थोरली माणसं. देव वेगळे झाले, पितर सामाईक राहिले.

तुमच्या घरी किती पिढ्यांची नावं घेतात? आज आजीला विचारा आणि मला कळवा. भेटूया पुढच्या भागात!