यथादर्शन : कल्पित अंतर्गृहाचे रेखांकन

एका ठरावीक स्थळी स्थिर असलेल्या एका डोळ्याला समोरचा अवकाश जसा दिसेल, तसाच तो भूमितीच्या नियमांनी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीस रेखीय यथादर्शन म्हणतात. पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात ज्या बिंदूत मिळतात तो लोपबिंदू, आणि डोळ्याच्या उंचीवर चित्रभर आडवी जाणारी रेषा ती क्षितिजरेषा होय. उभ्या असलेल्या इमारतीचे चित्र काढताना या ज्ञानाचा उपयोग पडताळ्यापुरता होतो, कारण चूक झालीच तर इमारत समोर हजर असते. परंतु ज्या दालनाचा पायाही खणला गेलेला नाही, जे केवळ नाटककाराच्या, गृहरचनाकाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या मनात आहे, ते रेखाटताना नक्कल करण्याजोगे समोर काहीच नसल्यामुळे चित्रकाराला मोजमापावाचून दुसरा आधार उरत नाही. कल्पित अंतर्गृह हीच म्हणून या विद्येची खरी कसोटी होय.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्स येथे ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्प्याने हे तंत्र प्रयोगाने सिद्ध केले, आणि आल्बेर्टीने १४३५ मध्ये चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात त्याची रीत शब्दबद्ध केली. खोलीच्या चित्राची सुरुवात तो भिंतींपासून वा छतापासून करीत नाही, तर चौकोनी फरसबंदीपासून करतो. आणि फरशीची प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीच्या दोनतृतीयांश धरण्याची जी अंदाजी वहिवाट त्या काळच्या चित्रकारांत होती, तिचा तो स्पष्ट शब्दांत निषेध करतो. आजही नवशिक्याची पहिली चूक हीच असते : मागच्या ओळी लहान होत जातात एवढे त्याला ठाऊक असते, पण किती लहान, हे तो डोळ्याच्या अंदाजावर सोडतो, आणि मग जमीन मागे न जाता चढणीसारखी वर उचललेली दिसते.

आल्बेर्टीची ही रीत सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील विद्यार्थ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. या भागातील अक्कलकोट हे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत भोसले घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते. तेथील जुना व नवा राजवाडा आणि नव्या राजवाड्यातील शस्त्रागार आजही प्रसिद्ध आहेत. अक्कलकोट रोड स्थानकावरून कलबुर्गीच्या पुढे जाणाऱ्या लोहमार्गावरच शहाबाद हे गाव लागते, आणि तेथील खाणींतून निघणारी करड्या-निळसर चुनखडीची फरशी या प्रदेशातील असंख्य घरांत, देवळांत आणि कचेऱ्यांत पायाखाली आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद अशी चौरस शहाबादी, तिच्या सांध्यांच्या सरळ रेषांसह, म्हणजे यथादर्शनाला लागणारे जाळे आयतेच जमिनीवर आखलेले आहे.

उदाहरणादाखल, कोठेही अस्तित्वात नसलेल्या एका संस्थानी दिवाणखान्याची तजवीज करू. रुंदी वीस फूट, खोली तीस फूट, कडीपाटाच्या छताची उंची बारा फूट. म्हणजे आडव्या दहा आणि मागे पंधरा अशा दीडशे फरश्या. पाहणारा उभा असून त्याचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर आहे, आणि दालनाच्या पुढल्या कडेपासून तो वीस फूट मागे, मध्यभागी आहे. दोन फुटांस एक इंच हे प्रमाण धरल्यास तळरेषा दहा इंच होते आणि क्षितिजरेषा तिच्यावर अडीच इंचांवर येते. तळरेषेचे दहा समान भाग करून प्रत्येक भागबिंदू क्षितिजरेषेच्या मध्यावरील लोपबिंदूस जोडला, की मागे जाणारे सांधे मिळाले. आडव्या सांध्यांसाठी क्षितिजरेषेवर लोपबिंदूपासून दहा इंच उजवीकडे, म्हणजे चित्राच्या चौकटीबाहेर पाच इंचांवर, अंतरबिंदू घ्यावा. कागद तेवढा मोठा नसेल तर तो ड्रॉइंग बोर्डावर टाचणी रोवून घ्यावा. डाव्या पुढल्या कोपऱ्यापासून या टाचणीकडे पट्टी लावून ओढलेली तिरकी रेषा मागे जाणाऱ्या सांध्यांना जेथे जेथे छेदते, तेथे तेथे एकेक आडवी रेषा काढावी. ही तिरकी रेषा दहाव्या ओळीस उजव्या भिंतीला भिडते. उरलेल्या पाच ओळींसाठी त्याच दहाव्या ओळीच्या डाव्या टोकापासून टाचणीकडे दुसरी रेषा ओढावी लागते.

या आकृतीतून जे मिळते ते अंदाजाने कधीच मिळाले नसते. फरशीची पहिली ओळ कागदावर जवळजवळ पाव इंच उंच येते, तर पंधरावी इंचाच्या अवघ्या चोविसाव्या भागाइतकी. एकाच मापाच्या दगडांत साडेपाच पटींचा हा फरक आहे. मागची भिंत दहा इंचांवरून चार इंचांवर आकसते आणि तिची उंची सहाऐवजी दोन पूर्णांक चार दशांश इंच भरते. विद्यार्थी मागची भिंत प्रथम काढून मग खोलीची जमीन तीत बसवू पाहतो, तेव्हा तो हिशेबाचे उत्तर आधी लिहून मग रकमा मांडत असतो.

उंचीचा नियम याहून सोपा आहे, आणि तो न शिकवता नुसत्या लोपबिंदूंच्या रेषा घोकून घेणारे शिक्षण अपुरे समजावे. डोळा पाच फुटांवर असल्यामुळे, जमिनीवरील कोणत्याही बिंदूपासून क्षितिजरेषेपर्यंतचे उभे अंतर, मग तो बिंदू पुढे असो वा मागे, त्या ठिकाणी पाच फूटच असते. सातव्या ओळीतील फरशीवर लाकडी खांब उभा करायचा असेल तर तेथून क्षितिजापर्यंतचे अंतर मोजावे, त्याचे पाच भाग करावेत आणि असे बारा भाग वर चढावेत. अडीच फुटांचा चौरंग त्याच जागी क्षितिजाच्या निम्म्यावर थांबेल. तुळयांची जागाही जमिनीवरच्या सांध्यावरून भिंतीवर उभी रेषा नेऊन छतापर्यंत पोहोचवावी. अशा रीतीने सबंध दिवाणखाना फरशीवर उभा राहतो.

डोळ्याची उंची मात्र भूमिती ठरवीत नाही. ती चित्रकाराने ठरवायची असते, आणि येथे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांचे आंधळे अनुकरण आपल्या दालनांना बाधते. संस्थानी बैठक ही गादी-तक्क्याची, जमिनीलगतची. तीत बसलेल्या माणसाचा डोळा अडीच-तीन फुटांवर असतो. तेथून पाहिल्यास फरशीची पट्टी अरुंद होते, तुळया डोक्यावर भारदस्तपणे ओथंबतात, आणि समोर उभ्या राहिलेल्या कारभाऱ्याला क्षितिजरेषा कमरेपाशी छेदते. तोच दिवाणखाना उभ्याने पाहिला तर तो मोकळा आणि काहीसा रिकामा वाटेल. कोणाच्या नजरेने दालन पाहायचे, हा प्रश्न पेन्सिल हाती धरण्यापूर्वी सुटला पाहिजे.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रवेश पेशवाईच्या उत्तरकाळात झाला. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या कलावंताने ती आत्मसात केली व वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. त्यापूर्वीच्या मराठी भित्तिचित्रांत वाड्याचा सज्जा, चौक आणि दालन एकाच पातळीवर दिसतात, यास अज्ञान म्हणणे गैर होईल. तेथे चित्रकाराला एका डोळ्याचे बंधनच मान्य नव्हते. १८५७ मध्ये मुंबईस सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेने पुढे या शास्त्राला पद्धतशीर शिक्षणात स्थान दिले. आजच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतील घनभूमिती ही तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्यासाठी त्याच शिक्षणाची पहिली पायरी आहे.

परंतु कल्पित अंतर्गृहे मराठी माणसाला प्रथम दाखवली ती रंगभूमीने. संगीत नाटकांच्या वैभवकाळात राजवाड्याचा, रस्त्याचा, अरण्याचा असे रंगवलेले पडदे मंडळ्यांबरोबर गावोगाव फिरत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी, कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता, अशा पडद्यांत मोठा लौकिक मिळवला. सपाट पडद्यावरचा महाल हा प्रेक्षागृहातील एकाच आसनावरून बिनचूक दिसतो. बाजूच्या रांगांतून खांब कलतात आणि पात्र पडद्याजवळ गेले की ते महालाच्या कमानीहून उंच होते. ही उणीव यथादर्शनाच्या व्याख्येतच आहे. रोम येथील संत इग्नेशियसच्या चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने छतावर जे कल्पित वास्तुशिल्प रंगवले, ते नीट दिसण्यासाठी प्रेक्षकाने कोठे उभे राहावे, हे जमिनीत बसवलेल्या संगमरवरी चकतीने दाखवले आहे. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाकडे वळल्यावर रंगीत पडद्यांऐवजी खरी खोली असलेले देखावे उभे केले. आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने दारे-खिडक्यांसह घरातली खोली रंगमंचावर आणली. तेव्हापासून नेपथ्यकाराचे यथादर्शन पडद्यावरून आराखड्याच्या कागदावर गेले : सुतार खिळा ठोकण्यापूर्वी दिग्दर्शकाला दालन दाखवणे हे त्याचे काम झाले.

आज संगणक ही सर्व आखणी क्षणार्धात करतो. तथापि दालनाची मापे त्याला कोणीतरी पुरवावी लागतात, आणि ज्याने एकही खरे दालन फुटपट्टीने मोजलेले नाही त्याची कल्पित दालने हटकून चुकतात : दारे नऊ फुटांची होतात, कोनाडे हात न पोहोचणाऱ्या उंचीवर जातात, जिन्याच्या पायऱ्या चढण्याजोग्या राहत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील जुने वाडे एकामागून एक उतरवले जात असून त्यांच्या उंबऱ्यांची, खणांची, देवळ्यांची मापे त्यांच्याबरोबरच नाहीशी होत आहेत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी किंवा शेजारी असा वाडा उभा असेल, त्याने घरधन्याची परवानगी घेऊन त्यातील निदान एका सोप्याचे संपूर्ण मोजमाप, फरश्यांच्या संख्येसह, या वर्षीच वहीत उतरवून ठेवावे.