पॅकेटांची घंटा आणि खेप

शिरूर-दौंडकडं दूध संकलन केंद्रात किटलीगणिक टँकर सुटत नाही, हे आपण पाहतोच. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम्सचं कर्नल मात्र तसंच वागायचं: पॅकेट आलं, इंटरप्टची घंटा वाजली, की हातातलं काम टाकून धावायचं. लोंढा वाढला की घंटेलाच उत्तरं देत बसायचं आणि घेतलेली पॅकेटं शेवटी फेकली जायची. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये हे मांडलं, उपायासकट. पुढं लिनक्स २.६ मधल्या (२००३) ‘नॅपी’नं पहिल्या हाकेनंतर घंटाच बंद केली; कर्नल स्वतः जाऊन एका खेपेत साधारण ६४ पॅकेटं उचलू लागलं. आमच्या मते खरी उडी हीच. पण वरच्या थरांत पॅकेटं एकेकटीच चढत राहिली. यादी करून एकत्र पाठवणं आलं थेट २०१८ मध्ये, ४.१९ आवृत्तीत!