शब्दवेध : जड

संस्कृतातल्या 'जड' शब्दाचे जुने अर्थ थंड, गोठलेले, बधिर, मंद असे आहेत. तत्त्वज्ञानात तो 'चेतन'च्या समोर उभा राहिला : ज्याला स्वतःहून हालचाल नाही ते जड. मराठीने त्यावर वजन चढवले. पोते जड, गणित जड जाते, निरोप जड अंतःकरणाने.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांनी 'जडत्व' घेतले ते 'इनर्शिया'साठी. त्या लॅटिन शब्दाचे मूळ आळस, निष्क्रियता. केप्लरने तो पदार्थाला लावला. त्याच्या मते ढकलणारे बल थांबले की वस्तूही थांबते. न्यूटनने 1687मध्ये हे उलटवले. बल नसेल तर थांबलेली वस्तू थांबून राहील आणि चालणारी त्याच वेगाने सरळ चालत राहील. बल लागते ते वेग किंवा दिशा बदलायला. कॅरमची सोंगटी थांबते, कारण घर्षण हेही एक बलच. म्हणून 'जडत्व' म्हणजे न हलणे, ही शाळेतली समजूत अर्धीच खरी. धावणारी वस्तूही तितकीच जड असते.

वजन आणि जडत्व हे मराठी 'जड'चे दोन अर्थ मात्र वेगळे ठेवायला हवेत. अंतराळ स्थानकात वजनकाटा निरुपयोगी ठरतो. तिथे अंतराळवीराला ठरावीक बलाने ओढतात, त्वरण मोजतात आणि बलाला त्वरणाने भागून त्याचे वस्तुमान काढतात.